मैनाबाईची चेहरेपट्टी

नाव मैनाबाई. भ्रतार जानराव वल्द खुशालराव, जात कुणबी, राहणार मौजे पिंपळखुटा, जिल्हा अमरावती. वय अजमासे बावीस. रंग सावळा. बांधा मध्यम. कपाळ लहान, नाक सरळ, दात शाबूत. हनुवटीवर व हातांवर गोंदण. ओळखीची खूण: डाव्या डोळ्याखाली मसुराच्या डाळीएवढा तीळ, तसेच ओठ एका बाजूने किंचित चढलेला, त्यामुळे बाई गंभीर असतानाही कशाला तरी हसत असल्याचा भास. संतती नाही. शेरा: काही नाही.

अशी चेहरेपट्टी सरकारने कधी केली नाही. सरकार ती फरारी कैद्यांची करी आणि पलटणीत भरती होणाऱ्या शिपायांची करी. मैनाबाई पळाली नव्हती आणि पलटणीत जाण्याचा तिचा विचार नव्हता. त्यामुळे तिचा चेहरा कसा आहे हे ठरवण्याचे काम घरच्या माणसांवर पडले, आणि त्यांनी ते सरकारपेक्षा वाईट केले.

मैनाबाई ही जानरावाची दुसरी बायको. पहिली दुर्गाबाई तापाने गेली. आता वऱ्हाडातल्या कुणब्यांत पहिली बायको मेली म्हणून काही घरातून जात नाही. सोनार तिची बोटाच्या पेराएवढी चांदीची पुतळी करतो, आणि ती दुसरीच्या गळ्यात पडते. पुतळीला दोन डोळे, एक नाक आणि पोटाशी जोडलेले हात असतात. दुसरीने नवे लुगडे नेसायचे ते आधी पुतळीला लावून, जेवायला बसायचे ते चुलीत तिच्या नावाने तुपाचा थेंब टाकून. काही अडले तर पुतळीला विचारायचे. पुतळी हलली की ती बोलली. काय बोलली, हे दुसरीने आपल्या मनाशी समजून घ्यायचे. छातीवर लोंबणारी वस्तू माणूस श्वास घेतो तोवर हलतेच. त्यामुळे वऱ्हाडातल्या पहिल्या बायका मेल्यावर जिवंतपणापेक्षा पुष्कळ जास्त बोलत.

दुर्गाबाई फार सुंदर होती. हे सगळे गाव सांगे. तिची सासू पार्बताबाई, म्हणजे आता मैनाबाईची सासू, रोज सकाळी दळायला बसताना सांगे, "दुर्गी पाण्याले निघाली का खळ्यातले माणसं मळणी सोडून पाहत." कोणी म्हणे ती केतकीसारखी गोरी होती, कोणी म्हणे गोरी नव्हती पण डोळे असे होते की बस. मैनाबाईने एकदा नवऱ्यालाच विचारले.

"कशी होती थे?"

"चांगली होती."

"मंजे कशी?"

"चांगली मंजे चांगली. आता याच्या वरतं काय सांगू तुले?"

"नाक कसं होतं?"

जानरावाने विचार केला. तो लबाड माणूस नव्हता. "होतं," तो म्हणाला, आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

मैनाबाईजवळ तळहातात मावेल एवढा आरसा होता. त्यात एका वेळी एक डोळा दिसे, किंवा अर्धा ओठ. आपला चेहरा तिला असा तुकड्यातुकड्याने ठाऊक होता. त्यातला चढलेला ओठ तिला फार आवडे. आवडण्याचे कारण साधे होते: दुर्गाबाईच्या रूपाच्या एवढ्या कहाण्या झाल्या, पण तिचा ओठ चढलेला होता असे कोणी कधी म्हटले नव्हते. नाक, डोळे, रंग या बाबतीत मैनाबाई आधीच हरलेली होती. ओठ तेवढा तिचा स्वतःचा होता. एकदा आपला चेहरा सबंध दिसावा आणि घरातल्या कोणीतरी तो पाहून "ही मैना" असे म्हणावे, एवढेच तिला हवे होते.

तेवढ्यात अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि पिंपळखुट्याच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या बोंडाला असा भाव आला की आपण काय गुन्हा केला म्हणून हे नशीब उघडले, असा लोकांना प्रश्न पडला. पैसा कुठे पुरायचा हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. तो उधळायचा कशावर हे मात्र नव्याने शिकावे लागले. जानरावाने एक घड्याळ घेतले. ते चालत नसे, पण वाजे. मग त्याने ऐकले की अमरावतीत कोणी मुंबईचा तसबीरवाला आला आहे आणि तो कुंचला न लावता, उन्हाच्या उजेडाने माणसाची छबी काचेवर उतरवतो.

या तसबीरवाल्याचे नाव गोवर्धन. औषधाने बोटे काळी पडलेली, अंगात मळका कोट, बोलणे अदबीचे. परकोटाच्या भिंतीला लागून, कापसाच्या बाजारापासून हाकेवर, त्याने कनातीचा तंबू ठोकला होता. मैनाबाई, जानराव आणि पार्बताबाई छकड्यातून उतरली तेव्हा तिथे गाड्यांची दाटी होती आणि हवेत कापसाचे तंतू उडत होते. गोवर्धनने मैनाबाईला तंबूपुढे उन्हात खुर्चीवर बसवले, शेजारी टेबल आणि त्यावर कागदी गुलाब ठेवले.

"बाई, कोपर टेबलावर, हनुवटी तळहातावर, आणि नजर लांब. जशी काही कोणाची वाट पाहता आहात."

"कोणाची?" पार्बताबाईने विचारले.

"कोणाची नाही, आजी. नुसती पद्धत आहे. त्याने सौंदर्य खुलते."

"घरच्या बाईनं बाजारात बसून कोणाची वाट पाहावी, हे खुलणं काय? पदर वढ व पुढं. चेहरा नाई दिसला तरी चालते, घराणं दिसलं पाहिजे."

जानरावाचे मत दोघांहून वेगळे होते. बायकोला केलेला एकूण एक दागिना छबीत यावा, असे त्याचे म्हणणे होते. पायांतले तोडे चौकटीत येत नाहीत हे कळल्यावर त्याने पाय टेबलावर ठेवता येतील का, असे विचारले. गोवर्धनने ते अदबीने नाकारले. मैनाबाईला कसे बसायचे आहे हे कोणी विचारले नाही. तिने श्वास रोखून मनातल्या मनात पुतळीला विचारले होते, बसू का म्हणून. पुतळी हलली नव्हती. ते तिने हो असे धरले होते.

शेवटी ती सरळ बसली, समोर पाहत, पदर कपाळापर्यंत. गोवर्धनने तिच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावला, म्हणजे डोके हलू नये. "आता दगड व्हा," तो म्हणाला, आणि समोर तिपाईवर ठेवलेल्या यंत्राच्या नळकांड्याचे झाकण काढले.

डोके हलले नाही. पापणीसुद्धा हलली नाही. पण दगडाला श्वास नसतो. मैनाबाईची छाती वरखाली झाली आणि तिला गळ्याखाली पुतळी हलल्याचे जाणवले. मग पुन्हा. मग ती हलतच राहिली. उठावे तर मान चिमट्यात. एवढ्या माणसांत, भर उन्हात, पुतळी काहीतरी सांगत होती आणि मैनाबाईला हूं की चूं करता येत नव्हते. त्या सगळ्या वेळात ती समोरच्या काळ्या गोल भोकाकडे पाहत राहिली.

गोवर्धन काच घेऊन तंबूतल्या अंधाऱ्या कनातीत शिरला, बऱ्याच वेळाने ती धुऊन, वाळवून, मागे काळे कापड लावून पेटीत बसवून घेऊन आला. आधी ती मैनाबाईच्या हातात आली. तिने पाहिले. तीच होती. आरशात तुकड्यातुकड्याने दिसणारी, आता सबंध. तीळ जिथे असायचा तिथे, ओठ जिकडे चढायचा तिकडे. मैनाबाईला आपण सुंदर आहोत असे वाटले नाही, पण आपण आहोत असे वाटले. हे तिला पुष्कळ झाले.

मग काच पार्बताबाईने घेतली. ती उन्हात तिरकी धरली, सरळ धरली, आणि छकड्याच्या दांडीवर बसली.

"जान्या," ती म्हणाली, "हे दुर्गी आहे."

"अव माय, बसली तर ही होती."

"बसली ही. आली थे." तिने बोट ठेवले. "हिची नथ कोण्या अंगाले? डाव्या. यात पाह्य, उजव्या. हिचा तीळ डाव्या डोयाखाली, याचा उजव्या. आन्‌ पुतळी पाह्य. पुतळी आहे का जाग्यावर?"

पुतळी जागेवर नव्हती. गळ्याखाली जिथे ती असायची तिथे नुसता धुराचा फराटा उमटला होता. श्वासाबरोबर हललेली वस्तू काचेवर पुसट येते, हे गोवर्धनने सांगितले असते. पण तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दगड करण्यात गुंतला होता.

"गळ्यातून उठली आन्‌ तोंडात येऊन बसली," पार्बताबाई म्हणाली.

"आत्याबाई, थे मीच आहे," मैनाबाई म्हणाली.

"तू कशी असशील? नथ उलटी घालतं का कोणी? मेलेल्या माणसाचं सारं उलटं असते. भट श्राद्धाले जानवं फिरवते का नाई? आन्‌ हा ओठ पाह्य. दुर्गी अशीच हसे, माया माय."

दुर्गाबाईला तीळ होता, हे त्या दिवसापर्यंत घरात कोणी बोलले नव्हते. ओठाचे तर नावही निघाले नव्हते. पण गावात ज्यांनी ज्यांनी दुर्गाबाईला पाहिले होते ते एकेक येऊन काच पाहून गेले, आणि प्रत्येकाला तीळ आठवला, ओठही आठवला. जानराव दोन दिवस नुसता काच पाहून जाई. तिसऱ्या दिवशी त्यालाही नाक आठवले. "असंच होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतके समाधान होते की मैनाबाईला त्याला खोटे पाडवेना.

काच देवघरात बसली, खंडोबाच्या टाकाशेजारी. रोज सकाळी मैनाबाई अंघोळ करून तिच्यापुढे बसे आणि आपल्याच कपाळाला सवतीचे कुंकू लावी. जेवणाआधीचा तुपाचा थेंब आता चुलीत न पडता काचेपुढच्या निरांजनात पडू लागला. नवे लुगडे आले की ते आधी काचेला लागे. मैनाबाईला सुरुवातीला राग येत असे. पुढे राग गेला आणि तिच्या लक्षात आले की काचेतली बाई आपल्याकडे पाहते ती ओळख असल्यासारखी नाही, तर अंदाज घेत असल्यासारखी. पुतळीला विचारून पाहिले. पुतळी हलली. त्याचे काय समजायचे हे मैनाबाईला आता कळेनासे झाले होते.

दिवाळीनंतर तिचा भाऊ उत्तमराव तिला माहेरी न्यायला आला. माहेर अकोल्याकडचे. गाडीत तिने भावाला सगळे सांगितले, आणि तसबीरवाला हल्ली अकोल्यात आहे हेही सांगितले. हे तिने बाजारातून येणाऱ्या बायांकडून काढून ठेवले होते.

"मले त्याले एकच विचारायचं आहे," ती म्हणाली. "काचेत कोण आहे."

उत्तमराव हसऱ्या स्वभावाचा. "तुई सासू कापसाच्या पैशानं येडी झाली बाई. चाल, विचारू."

अकोल्यात मोर्णेच्या काठी कापसाच्या गाठींचे डोंगर पडले होते आणि पलीकडे लोहमार्गाचा भराव चढत होता. गोवर्धन तिथे तसाच होता, बोटे थोडी जास्त काळी. त्याने सगळे ऐकून घेतले आणि त्याला वाईट वाटले.

"बाई, तुम्हीच आहात. काचेवर उतरलेले डाव्याचे उजवे होते. आरशात होते तसेच. यात मेलेले माणूस कुठले आणायचे? थांबा, मी कागदावर काढतो. आधी काचेवर घ्यायचे आणि तिच्यावरून उन्हात कागदावर, म्हणजे उलट्याचे पुन्हा सुलटे होते. तीळ तिळाच्या जागी येईल. सासूबाईंना दाखवा."

तो भला माणूस होता आणि आपल्या कामावर त्याची श्रद्धा होती. त्याने मैनाबाईला पुन्हा चिमटा लावून दगड केले, आणि दोन दिवसांनी तपकिरी रंगाची कागदी छबी उत्तमरावाच्या हातात दिली.

"ही पाहा माई मैना," उत्तमराव म्हणाला. "तीच. अशी चोरावानी हसते थे लहानपणापासून."

मैनाबाईने कागद घेतला आणि उजेडाकडे धरला.

कागदावर एक बाई होती. लुगडे तेच, दागिने तेच. पण ओठ भलतीकडे चढला होता, आणि त्या बाजूने तो गोड दिसत नव्हता. ही बाई कोणाला तरी हिणवीत होती. एक भुवई खाली होती. मैनाबाईची भुवई खाली होती ती दुसरी. तीळ होता, तो आरशात असतो त्याच्या नेमक्या उलट्या गालावर होता. सगळे ओळखीचे, आणि कुठेच ओळख पटत नव्हती.

"हे मी नोहो," ती म्हणाली.

"म्हणजे असं आहे, बाई," गोवर्धन समजावू लागला, "तुम्ही स्वतःला फक्त आरशात पाहिले आहे. आरसा उलटे दाखवतो. लोक तुम्हाला बघतात ते असे. ही छबी खरी."

"लोक मले असं पाह्यतात?"

"असेच."

"मंग आजवर लोक तिलेच पाहून राहिले," मैनाबाई म्हणाली.

उत्तमराव एकदा तिच्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहत राहिला. मग बहिणीचे मन रमावे म्हणून त्याने बाजारातून तिला एक विलायती आरसा घेऊन दिला, चांगला थाळीएवढा.

पिंपळखुट्यात कागदी छबीचे चांगले स्वागत झाले. पार्बताबाई म्हणाली, "हां, हे मैना. नथ पाह्य, बरोबर आहे." कागद ओसरीवर खिळ्याला लागला, घड्याळाच्या शेजारी. आता घरात दोघीही होत्या, आपापल्या जागी, आणि सासूचे कोणाशी भांडण उरले नाही. मैनाबाई सकाळी मुकाट्याने काचेला कुंकू लावू लागली हे पाहून ती म्हणाली, पोरगी माहेरून शहाणी होऊन आली.

मैनाबाईचा हिशेब निराळा होता. देवघरात बसली होती ती ती स्वतः. ओसरीवर खिळ्याला होती ती दुर्गाबाई. इतकी वर्षे जिचे रूप ऐकले ती अखेर दिसली होती. चारचौघींसारखी होती, ओठ वाकडा होता, आणि तीच रोज मैनाबाईच्या तोंडावर बसून लोकांशी बोलत होती. शेजारीण बोलायला आली की मैनाबाई पदर नाकापर्यंत ओढून घेई. समोरून कोणी तिच्याकडे निरखून पाहिले की ती बाजूला सरके, मागे उभ्या असलेल्या माणसाला वाट द्यावी तशी.

तरी एक आशा होती. आरशात ती स्वतः होती. नवऱ्याने तिला एकदा आरशात पाहिले, तर त्याला ती दिसेल.

एका दुपारी पार्बताबाई शेतात गेली होती आणि जानराव ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मैनाबाई विलायती आरसा घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली. अशी ती कधी बसत नसे. तिने पदर मागे घेतला आणि आरसा दोघांच्या समोर धरला.

"इकडं नका पाहू. यात पाहा."

"काहून?"

"पाहा तर."

जानरावाची दाढी न्हावी करी, त्यामुळे आरशाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. त्याने पाहिले. आधी त्याला स्वतःचे तोंड दिसले. मग त्याच्या शेजारी देवघरातली बाई दिसली. नथ उजवीकडे, तीळ उजवीकडे, ओठ तसाच. फक्त काचेत ती दगड होती, इथे तिच्या पापण्या हलत होत्या.

मैनाबाई वाट पाहत होती.

वऱ्हाडातला नवरा बायकोला नावाने हाक मारीत नाही. लग्न झाल्यापासून जानरावाने मैनाबाईचे नाव तोंडातून काढले नव्हते. आत्ता त्याच्या हातातला अडकित्ता खाली आला, आणि त्याने नाव घेतले.

"दुर्गे," तो म्हणाला.

मैनाबाई शेजारी होती, तिच्या खांद्याला त्याचा खांदा लागत होता. त्याने तिकडे मान वळवली नाही. तो आरशाशी बोलत होता, आणि असा आवाज मैनाबाईने त्याच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता.

"बरी आहेस ना व?"

तिला सांगता आले असते. डाव्याचे उजवे कसे होते हे गोवर्धनने तिला दोनदा समजावले होते आणि तिला ते पाठ होते. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले, आरशातल्या. गळ्यातल्या पुतळीला तिने काही विचारले नाही.

"बरी आहे," ती म्हणाली.

"लय त्रास झाला होता तुले. ताप उतरेच ना."

"आता नाई त्रास."

त्यानंतर जानराव अधूनमधून दुपारचा घरी येऊ लागला. "आरसा आन बरं," एवढेच म्हणे. मैनाबाई आरसा आणी, पदर मागे घेई आणि शेजारी बसून विचारलेल्याची उत्तरे देई. पीकपाण्याच्या गोष्टी निघत, जुन्या जत्रांच्या निघत. ज्या जत्रांना मैनाबाई गेलीच नव्हती त्यांच्याबद्दल ती फक्त "हो" म्हणे. बोलणे संपून आरसा भिंतीला टेकवला की तो तिच्याकडे न पाहता तिला जेवायला वाढायला सांगे. गावातल्या बाया म्हणत, जानराव आताशा दुसरीला फार जीव लावून राहिला.

अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस पुन्हा कापसाच्या भावाला आला. घड्याळ विकले गेले. काचेतली छबी देवघरात राहिली. ओसरीवरचा कागद धुराने आणि उन्हाने फिकट होत गेला, आधी लुगडे, मग दागिने. त्यातला ओठ शेवटपर्यंत दिसत होता, असे म्हणतात. पुढच्या एका उन्हाळ्यात गावात पटकी आली आणि मैनाबाई एका दिवसात गेली. तिला मूल नव्हते. जानरावाने वर्षाच्या आत तिसरे लग्न केले.

रिवाजाप्रमाणे तिसरीच्या गळ्यात दोन पुतळ्या पडल्या, एक दुर्गाबाईची आणि एक मैनाबाईची. सोनाराकडे बाईचा ठसा एकच होता.